डेटा प्लॅटफॉर्मला स्वतःचा माणूस: पद ठरवण्यापासून नेमणुकीपर्यंत

पारोळ्याच्या जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर चढते. काट्याच्या कॉम्प्युटरवर वजनाची ओळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये पडते, जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या सर्व्हरवरचं अपाचे नायफाय, म्हणजे एका ठिकाणचा डेटा आपोआप दुसरीकडे पोहोचवणारं सॉफ्टवेअर, ती फाइल उचलतं, तपासतं आणि ईआरपीत, म्हणजे खरेदी-विक्री-हिशेबाच्या एकत्रित प्रणालीत, नोंद करतं. कधीतरी संध्याकाळच्या पाच-सात गाड्यांची वजनं ईआरपीत येतच नाहीत. डेव्हलपर सांगतो, फ्लो (नायफायमध्ये आखलेली डेटाची वाट) चालू आहे, कुठे लाल दिसत नाही. नेटवर्कवाला सांगतो, लिंक एकदाही पडलेली नाही. काट्यावरचा माणूस सांगतो, फाइली माझ्या फोल्डरात आहेत. डेटाबेसवाल्यापर्यंत तर प्रश्न पोहोचलेलाच नसतो. चौघंही खरं बोलत असतात.

कारण काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. आतली छोटी बॅटरी उतरलेली असते, लाइट जाऊन आली की घड्याळ मागे जातं आणि नव्या फाइलींवर जुनी तारीख बसते. नायफायचा लिस्ट-एसएफटीपी प्रोसेसर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलींची यादी करणारा घटक, मूळ मांडणीत शेवटी पाहिलेल्या फाइलची वेळ लक्षात ठेवतो. त्याहून जुन्या वेळेची फाइल तो यादीत घेत नाही आणि त्याबद्दल एररही देत नाही. त्यातच ‘एंटिटी ट्रॅकिंग’ नावाची दुसरी पद्धत आहे. उशिरा आलेल्या फाइली ती पकडते, पण तिची खिडकी, म्हणजे किती मागच्या वेळेपर्यंतच्या फाइली पाहायच्या ती मर्यादा, मूळ मांडणीत तीन तासांची. घड्याळ चार वर्षं मागे गेलं असेल तर तिचाही उपयोग नाही. उपाय एकच: काट्याचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेला) जोडायचं, बॅटरी बदलायची आणि घड्याळ सरकलं की इशारा येईल अशी सोय करायची. ही सोय कोणी करायची, हे मात्र चौघांपैकी कोणाच्याही कामाच्या कागदावर नव्हतं.

असे प्रकार साठत गेले, म्हणून आमच्या उद्योगसमूहात डेटा प्लॅटफॉर्म अ‍ॅडमिनचं वेगळं पद काढायचं ठरलं. पाइपचा कारखाना, डाळ मिल, जिनिंग, सावद्याकडचं केळीचं पॅकहाउस, धुळे-नंदुरबारचे डेपो, एवढ्यांचा डेटा तीन नोडच्या (एकत्र काम करणाऱ्या तीन सर्व्हरच्या) एका नायफाय क्लस्टरमधून ईआरपी, ई-इनव्हॉइस पोर्टल आणि बँकेकडे जातो. साठ-सत्तर फ्लो आहेत. ते बनवणारे तिघं डेव्हलपर. प्लॅटफॉर्म मात्र सगळ्यांचा, म्हणजे व्यवहारात कोणाचाच नाही.

व्यवस्थापनाकडे पद मागायला जाताना ‘कामाचा ताण फार आहे’ एवढंच सांगून भागत नाही. आधी एक नोंदवही ठेवली. क्लस्टरला कोणीही हात लावला की तारीख, किती मिनिटं गेली, काय केलं, कोणी केलं, एवढंच लिहायचं. कालावधी मुद्दाम जड निवडला: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीपासून मृग लागेपर्यंत. या दिवसांत पाइपांचा माल रात्रीही बाहेर पडतो. वादळवाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा गावाकडच्या लिंकाही पडतात, आणि उन्हाळा असा की सर्व्हर खोलीतला एक एसी बंद पडला तर बाहेरचे ४४-४५ अंश आत यायला वेळ लागत नाही. शांत महिन्यात मोजणी केली असती तर पद लागतच नाही, असं निघालं असतं.

नोंदींचे ढीग लावताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारला: हे काम एका फ्लोचं आहे की सगळ्या फ्लोंचं? डीलरच्या ऑर्डरीत नवा रकाना आला, हे एका फ्लोचं काम, ते डेव्हलपरचं. डिस्क भरत आली, सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) संपतंय, एक नोड क्लस्टरमधून निसटला, नव्या माणसाला लॉगिन हवं, नायफाय ज्यावर चालतं ती जावा बदलायची आहे: ही सगळ्या फ्लोंची कामं, ती अ‍ॅडमिनची. तिसरा ढीग काट्याकडचा, म्हणजे डेटा जिथे जन्मतो तिथला. हा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तोही अ‍ॅडमिनकडेच द्यावा, असं आमचं ठाम मत झालं. ईआरपीतल्या माणसाला बोदवडचा काटा दिसत नाही, काट्यावरच्या माणसाला ईआरपी दिसत नाही. दोन्ही टोकं एकाच्या नजरेत असायला हवीत.

तास मोजले तर एका माणसाचा पूर्ण आठवडा भरत नव्हता, हेही स्पष्ट लिहून दिलं. पण तास विखुरलेले होते. मोठा भाग रात्री आणि महिनाअखेरीला पडत होता, आणि डेव्हलपरांचं नवं काम त्यापायी मोडत होतं. प्लॅटफॉर्मचं काम आठवड्याला दहा-बारा तासांच्या आत असेल तर वेगळं पद काढू नये. लिनक्स सांभाळणाऱ्या माणसालाच द्यावं, पण त्याच्या जबाबदारीपत्रकात वाटा लिहून द्यावा. वीस तासांच्या वर गेलं की अर्धवट जबाबदारी चालत नाही. अर्धा वेळ अ‍ॅडमिन असलेला डेव्हलपर गर्दीच्या आठवड्यात पूर्ण डेव्हलपर होतो.

आता कामं. जबाबदारीपत्रकात ‘प्लॅटफॉर्मची देखभाल करणे’ असं वाक्य लिहिलं तर पद काढूनही काही बदलत नाही. प्रत्येक काम, ते कधी करायचं आणि न केल्यास काय होतं, असं लिहावं लागलं.

पहिलं, साठवण. नायफायचे तीन मोठे साठे असतात: फ्लोफाइलचा (कोणती नोंद आत्ता कुठे आहे याचा), कंटेंटचा (प्रत्यक्ष मजकुराचा) आणि प्रॉव्हेनन्सचा, म्हणजे कोणती नोंद कुठून कुठे गेली याच्या इतिहासाचा. तिन्ही एकाच डिस्कवर ठेवले की इतिहास फुगतो, डिस्क भरते आणि चालू काम अडतं. म्हणून तिन्हींना वेगळे माउंट (डिस्कचे स्वतंत्र भाग), ऑपरेटिंग सिस्टिमला चौथा. उघड्या फाइलींची मर्यादा ५०,००० आणि स्वॅपिनेस (मेमरीतला भाग डिस्कवर हलवण्याचं प्रमाण) शून्य, ही नायफायच्या मार्गदर्शिकेतलीच शिफारस आहे. नवा सर्व्हर उभा करताना ती हमखास राहून जाते आणि गर्दीच्या दिवशीच ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसतं.

दुसरं, रांगा. दोन प्रोसेसरांच्या मधल्या रांगेला मूळ मर्यादा १०,००० नोंदी किंवा १ जीबी. ती भरली की मागचा प्रोसेसर थांबतो. हे बॅकप्रेशर म्हणजे बिघाड नव्हे, संरक्षण आहे. वादळात पडलेली लिंक दुसऱ्या दिवशी जोडली गेली की साठलेल्या सगळ्या फाइली एकदम येतात आणि रांगेची पट्टी लाल होते. अशा वेळी कोणीतरी ‘लाल घालवायचं’ म्हणून रांग रिकामी करतं. लाल जातं आणि त्याबरोबर शेतकऱ्यांची वजनंही जातात. म्हणून रांग रिकामी करण्याचा अधिकार अ‍ॅडमिनशिवाय कोणालाही नाही. अ‍ॅडमिननेही तो वापरण्याआधी त्या डेटाच्या धन्याची, म्हणजे तो डेटा ज्या विभागाचा त्याची, लेखी संमती घ्यायची.

तिसरं, जे सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं: तीन नोड म्हणजे डेटाच्या तीन प्रती नव्हेत. ज्या नोडच्या रांगेत जे आहे ते त्या नोडच्याच डिस्कवर असतं. नोड बंद पडला की बाकीचे दोन नवं काम उचलतात, पण अडकलेल्या नोंदी तो नोड परत येईपर्यंत तिथेच. बंद नोडची डिस्क घाईने पुसून नवा नोड उभा करू नये, ही सूचना सर्व्हर खोलीच्या दारावर मराठीत छापून लावली आहे. रात्रपाळीला हार्डवेअर बघणारा माणूस वेगळा असतो, त्याला नायफाय ठाऊक असेलच असं नाही.

शेड्यूलचंही पाहावं लागतं. फाइलींची यादी करणारा प्रोसेसर फक्त प्रायमरी नोडवर (क्लस्टरने निवडलेल्या एका मुख्य नोडवर) चालला पाहिजे. ‘ऑल नोड्स’ राहिलं की तीन नोड तीच यादी करतात आणि एका गाडीची तीन वजनं पडतात. यादी एका नोडने करायची, पुढच्या रांगेत ती तिघांत वाटायची आणि फाइल आणण्याचं काम तिघांनी करायचं, ही मांडणी आम्ही सक्तीची केली.

सर्टिफिकेटांना एक तक्ता पुरतो: कोणतं, कुठे, कधी संपतं, कोण देतं. इशारे ६०, ३० आणि ७ दिवस आधी. नोडांची आपसातली सर्टिफिकेटं संपली की क्लस्टर एकमेकांना ओळखत नाही आणि हे हमखास सुट्टीच्या दिवशी होतं. देणाऱ्याने ते वर्षापूर्वी त्याच तारखेला बनवलेलं असतं आणि तेव्हाही आखाजीच्या आधीचीच घाई असते.

बॅकअपवर मात्र थांबून बोललं पाहिजे. नायफायचा सगळा आराखडा ‘फ्लो डॉट जेसन डॉट जीझेड’ या एका फाइलीत असतो आणि बहुतेक ठिकाणी तेवढीच फाइल रात्री कुठेतरी कॉपी होते. तिच्यात ईआरपीचे, बँकेच्या एसएफटीपीचे (सुरक्षित फाइल देवाणघेवाणीचे) पासवर्ड कुलूपबंद रूपात असतात. कुलपाची किल्ली वेगळी: नायफाय डॉट प्रॉपर्टीजमधली सेन्सिटिव्ह प्रॉपर्टीज की. किल्ली नसेल तर जपलेल्या फाइलीतून क्लस्टर उठत नाही. पासवर्ड काढून आराखडा उघडावा लागतो आणि प्रत्येक पासवर्ड पुन्हा गोळा करून भरावा लागतो, त्यातले काही बाहेरच्या संस्थांकडून नव्याने मागावे लागतात. तिन्ही नोडांवर किल्ली एकच असावी लागते. म्हणून बॅकअप म्हणजे आराखडा, किल्ली, कॉन्फ फोल्डर (मांडणीच्या फाइलींचं, किल्लीची ओळ वगळून), सर्टिफिकेटं ठेवणारे कीस्टोअर-ट्रस्टस्टोअर आणि वापरकर्ते-अधिकारांच्या दोन फाइली, असं एकत्र लिहिलं. किल्ली छापून बंद लिफाफ्यात अकाउंट्सच्या तिजोरीत. लिफाफ्यावर तारीख आणि दोन सह्या. ती बॅकअपच्याच डिस्कवर ठेवायची नाही, कारण डिस्क ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती बँकेचा पासवर्डही लागेल. दर तिमाहीत एका रिकाम्या मशिनवर, इंटरनेट तोडून, यातून नायफाय उठवून दाखवायचं. उठवून न पाहिलेला बॅकअप आम्ही बॅकअप म्हणून मोजत नाही.

अधिकारांची वाटणी हा पदाचा नाजूक भाग. या फ्लोंमधून शेतकऱ्यांची बँक खाती जातात, कामगारांचे पगार जातात. नायफायमध्ये घटक पाहणं, बदलणं, चालू-बंद करणं, आतला डेटा पाहणं आणि डेटात बदल करणं हे वेगवेगळे अधिकार आहेत. रात्रपाळीच्या ऑपरेटरला फक्त चालू-बंद. डेव्हलपरला चाचणीच्या क्लस्टरवर सगळं, खऱ्या क्लस्टरवर फक्त पाहणं. अ‍ॅडमिनला बांधणी आणि अधिकारवाटप, पण डेटाचा मजकूर पाहण्याचा अधिकार मुळात नाही. लागला तर कारण लिहून काही तासांपुरता. आता कोणी म्हणेल, अधिकार वाटणारा माणूस स्वतःला तो घेईलच की. घेऊ शकतो. म्हणून वापरकर्त्यांचा लॉग (कोणी काय केलं याची आपोआप होणारी नोंद) त्याच क्षणी वेगळ्या मशिनवर जातो, तिथे अ‍ॅडमिनला पुसण्याची सोय नाही आणि अंतर्गत लेखापरीक्षक महिन्याला तो वाचतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, घड्याळं अधिकृत एनटीपीशी जुळवायची असतात आणि ठरावीक घटना ६ तासांत कळवायच्या असतात. नायफायच्या मूळ मांडणीत अ‍ॅप लॉगच्या तासातासाच्या फाइली होतात आणि शेवटच्या मोजक्याच उरतात, तेव्हा १८० दिवस आपोआप भरत नाहीत. हेही अ‍ॅडमिनच्याच कागदावर.

यानंतर पदाच्या सीमा. डेटाबेसमधली क्वेरी संथ आहे, हे अ‍ॅडमिन दाखवून देईल; सुधारणार डेटाबेसवाला. हिशेबाचा आकडा बरोबर की चूक, यावर अ‍ॅडमिन मत देणार नाही. तो अकाउंट्सचा प्रश्न. फ्लो अ‍ॅडमिन लिहिणार नाही. या शेवटच्या ओळीवर बरीच ओढाताण झाली. माणूस मोकळा दिसला की ‘एवढा छोटा फ्लो करून दे’ सुरू होतं आणि वर्षभरात अ‍ॅडमिन चौथा डेव्हलपर होतो. आपणच बनवलेला फ्लो आपणच तपासून खऱ्या क्लस्टरवर चढवायचा, हे कोणत्याही चांगल्या लेखापरीक्षणात बसत नाही.

अधिकाराच्या बाजूला एकच पण वजनदार गोष्ट: नकार देण्याचा हक्क. नवा फ्लो खऱ्या क्लस्टरवर जाण्याआधी अ‍ॅडमिन त्याची तपासणी करतो आणि अटी पुऱ्या नसतील तर परत पाठवतो. पासवर्ड आणि पत्ते पॅरामीटर कॉन्टेक्स्टमध्ये (फ्लोबाहेर ठेवलेल्या मूल्यांच्या यादीत) हवेत, फ्लोची आवृत्ती रजिस्ट्रीत (आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) हवी, डेटाच्या धन्याचं नाव हवं. सगळ्यांत महत्त्वाची अट, फेल्युअरची वाट, म्हणजे न पोहोचलेली नोंद जिकडे वळते ती, आपोआप संपवलेली नसावी. नायफायमध्ये कोणतीही वाट ‘ऑटो-टर्मिनेट’ करता येते. घाईत डेव्हलपर फेल्युअरवर तो टिक लावतो, कॅनव्हास (फ्लो जिथे मांडतात तो पडदा) स्वच्छ दिसतो आणि न पोहोचलेली नोंद कसलाही आवाज न करता नाहीशी होते. आमच्याकडे फेल्युअर एका नाव दिलेल्या रांगेतच जातं आणि त्या रांगेत एक जरी नोंद असली तरी सकाळी अहवालात दिसते.

हा नकार टिकायचा असेल तर माणूस कोणाच्या हाताखाली, हे महत्त्वाचं. प्रोजेक्टप्रमुखाच्या हाताखाली ठेवला तर तारीख जवळ आली की नकार विरघळतो. आम्ही पद थेट आयटीप्रमुखाखाली ठेवलं. नकार फिरवायचा तर आयटीप्रमुखाने स्वतःच्या सहीने, कारण लिहून फिरवायचा.

बदलांचं वेळापत्रकही जबाबदारीपत्रकाला जोडलं, आणि ते खान्देशाच्या कामाच्या वर्षावर बसवलं. दिवाळीपासून मार्चपर्यंत कापूस, जानेवारीनंतर तूर येते म्हणून डाळ मिल जोरात, आखाजीपासून मृगापर्यंत पाइप. मोठं अपग्रेड करायला उरते ती आषाढी ते गणपतीमधली फट. त्यातही जीएसटीची विवरणपत्रं, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, टाळायची. शुक्रवार-शनिवारी काही चढवायचं नाही. त्याला पक्कं कारण आहे: ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करण्याची मुदत २४ तासांची. शनिवारी दुपारी चढवलेल्या फ्लोने चुकीची इनव्हॉइसं पाठवली आणि ती सोमवारी लक्षात आली, तर रद्द करता येत नाहीत, क्रेडिट नोटा काढाव्या लागतात. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपासून पुढच्या उलाढालीच्या करदात्यांना इनव्हॉइस ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक आहे. फेल्युअरच्या रांगेत विसरलेली नोंद एवढे दिवस पडून राहिली की प्रश्न आयटीचा राहत नाही.

अपग्रेडचं उदाहरण व्यवस्थापनासमोर सगळ्यांत उपयोगी पडलं. नायफाय २.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. त्याला जावा २१ लागते, जुनी टेम्प्लेट्स (फ्लोचे साचे) आणि व्हेरिएबल्स (नावाने ठेवलेली मूल्यं) त्यात नाहीत, जुन्या एक्सएमएल रूपातला आराखडाही नाही. म्हणजे प्रत्येक फ्लोतली व्हेरिएबल्स पॅरामीटरमध्ये नेणं, टेम्प्लेट्स रजिस्ट्रीत नेणं, काढून टाकलेले प्रोसेसर शोधून पर्याय बसवणं, चाचणीच्या क्लस्टरवर पूर्ण महिनाअखेर चालवून पाहणं. नोड वेगवेगळ्या आवृत्तींवर ठेवून क्लस्टर चालवता येत नाही, त्यामुळे बदलाच्या रात्री सगळं थांबवावं लागतं आणि गेटवर गाड्या थांबणार हे आधी सांगावं लागतं. हे काम तीन डेव्हलपरांत वाटून कसं होईल, असा प्रश्न विचारल्यावर पदाला मंजुरी मिळणं सोपं गेलं.

आमच्याकडे सालदार (वर्षभरासाठीचा शेतगडी) ठेवताना काम, धान्य, कपडे, सुट्ट्या, सगळं आखाजीला तोंडावर बोलून पक्कं होतं. या पदाचा कागदही तसाच केला: चार पानं, रात्रीच्या फोनचा वेगळा भत्ता, बदली रजा आणि बदली माणसाचं नाव. नाव पहिल्या दिवसापासून. लग्नसराई, आखाजी आणि श्रावणात कानबाईचा सण, या दिवसांत इथला माणूस गावी जाणारच आणि त्याने जावंच. बदली म्हणून लिनक्स सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला घेतलं. आठवड्यातला एक दिवस त्याचा, आणि महिन्यातून एकदा अ‍ॅडमिन हजर असतानाही सगळं तोच चालवतो.

भरतीत दोन वाटा होत्या. पुण्याहून अनुभवी माणूस आणायचा, किंवा इथलाच घडवायचा. बाहेरून आलेले अर्ज वाचायला भारी होते. त्यातले बरेच कॅनव्हासवर फ्लो काढणारे होते, क्लस्टर सांभाळणारे थोडे. शिवाय पगाराची बोलणी जमली तरी घरचे जळगावला यायला तयार नसले की माणूस वर्षभरात परत जातो. उलट पुण्यात नोकरी करणारे, आई-वडील भुसावळला, फैजपूरला, अमळनेरला असलेले आणि दर सणाला महाराष्ट्र एक्सप्रेसने येणारे पुष्कळ जण आहेत. जाहिरातीत कामाचं ठिकाण जळगाव, घरून काम नाही, रात्रीचा फोन आहे, हे वरच्या दोन ओळींत लिहिलं. अर्ज कमी आले, पण आले ते खरे. आतूनही दोन नावं पुढे आली: एक सर्व्हर विभागातून, एक डेटाबेस विभागातून. जळगाव, बांभोरी, फैजपूर, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून नवी मुलं मिळतात, पण थेट या पदावर नव्या पदवीधराला बसवू नये, त्याला आधी बदली माणसाखाली ठेवावं. चुकीच्या वेळी एक बटण दाबलं तर काय होतं याची भीती अनुभवानेच येते.

मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा प्रात्यक्षिकाला वजन दिलं. तीन व्हर्च्युअल मशिनचा क्लस्टर बिघडवून समोर ठेवला. एका नोडवर कंटेंटची डिस्क भरलेली, दुसऱ्यावर किल्ली वेगळी, यादी करणारा प्रोसेसर ‘ऑल नोड्स’वर आणि मध्ये लाल पट्टीची एक रांग. वेळ दोन तास, इंटरनेट चालू. किती बिघाड सापडले यापेक्षा क्रम पाहिला. हात लावण्याआधी कॉन्फ फोल्डरची प्रत घेतली का? आधी लॉग उघडला की आधी रीस्टार्ट केलं? काय केलं ते लिहीत गेला का? लाल रांग रिकामी करणाऱ्याला तिथेच नाकारलं, बाकी कितीही येत असलं तरी. तोंडी प्रश्नांत एक नेमका: नोड मेला तर त्याच्या रांगेतल्या नोंदी कुठे आहेत? ‘दुसऱ्या नोडवर’ हे उत्तर फार जणांनी दिलं.

मुलाखतीच्या टेबलाशी पाइप कारखान्याचा डिस्पॅच इनचार्ज बसवला होता. त्याने एकच काम दिलं: ई-वे बिल निघालं नाही म्हणून गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर आणि ट्रान्सपोर्टवाला ओरडतोय, मला काय झालंय ते समजेल असं सांगा. या कामातला निम्मा वेळ फोनवर जातो. पारोळ्याच्या काट्यावरून रात्री ‘घड्याळ मांगे शे, दादा’ एवढंच ऐकू आलं, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे सुचायला हवं. आम्ही अखेर सर्व्हर विभागातला माणूस निवडला. नायफाय त्याला कमी येत होतं; लिनक्स, सर्टिफिकेटं आणि नोंदी ठेवण्याची शिस्त पक्की होती. नायफाय शिकवता आलं.

हस्तांतर घाईने केलं नाही. सुरुवातीला त्याने फक्त पाहायचं आणि सर्टिफिकेटांचा तक्ता, फ्लोंच्या धन्यांची यादी, सगळ्या काट्यांची घड्याळं तपासून कागद पुरा करायचा. मग चाचणीच्या क्लस्टरवर बॅकअपमधून उभारणी. खऱ्या क्लस्टरचे अधिकार त्यानंतर, आणि त्याच दिवशी डेव्हलपरांचे काढून घेतले. ही दुसरी पायरी पुढे ढकलली जाते आणि तिथेच अनेक ठिकाणी पद कागदावर राहतं. जुन्या सवयीने डेव्हलपर थेट बदल करत राहिला तर अ‍ॅडमिनला कशालाच जबाबदार धरता येत नाही. पहिल्या महिन्यात कुरकुर होते. रिलीज आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशीच आणि तातडीच्या बदलाला तासाभरात उत्तर, अशी हमी अ‍ॅडमिनकडून लिहून घेतल्यावर ती बरीच थांबली.

कामाचं माप ठरवताना ‘सिस्टिम किती टक्के चालू’ हा आकडा घेतला नाही. नायफाय चालू असून वजनं येत नाहीत, हे वर आलंच आहे. दर महिन्याला पाहतो ते असं: फेल्युअर रांगेत २४ तासांपेक्षा जुनी नोंद किती, काट्यावरच्या फाइली आणि ईआरपीतल्या नोंदी यांचा रोजचा मेळ किती वेळा चुकला, मुदतीच्या आत न बदललेलं सर्टिफिकेट आहे का, आणि तिमाही उभारणीला किती वेळ लागला. फाइली आणि नोंदींचा मेळ रात्री ११ वाजता आपोआप होतो. काट्याकडून त्या दिवसाची एकूण संख्या वेगळ्या वाटेने येते, तीच फाइलीतून मोजली तर मेळाला अर्थ नाही.

बाहेरच्या सपोर्ट एजन्सीचा करार पद भरल्यावर बदलून घ्यावा लागला. आधी त्यात ‘सर्व सहकार्य’ असं मोघम होतं. आता तीनच गोष्टी आहेत: मोठ्या अपग्रेडला मदत, क्लस्टर उठत नसेल तर चार तासांत माणूस, आणि वर्षातून एकदा मांडणीची तपासणी. एजन्सीला कायमचं लॉगिन नाही. लागेल तेव्हा अ‍ॅडमिन उघडतो, काम झालं की बंद करतो. नोंदवही अजून चालू आहे. तिच्यावरून दिसतं की सावद्याच्या पॅकहाउसमधले तापमानाचे सेन्सर जोडल्यापासून काट्याकडचा ढीग पुन्हा वाढतोय, त्यामुळे बदली माणसाचा आठवड्यातला एक दिवस आता दोन करायचा प्रस्ताव दिला आहे.